इन्क्रिमेंटल कंपायलेशन टेस्ट कसं करायचं: रस्ट कंपायलर घेऊन, पायरीपायरीने

इन्क्रिमेंटल कंपायलेशन म्हणजे आधीच्या बिल्डचे निकाल कॅशमधे साठवायचे आणि पुढच्या वेळी बदललेलंच परत कंपाइल करायचं. याचे बग फार चिवट असतात. कोड बरोबर, नव्याने बिल्ड केलं तर सगळं झकास, पण कालच्या बिल्ड फोल्डरवर आज एक ओळ बदलून बिल्ड केलं की प्रोग्रॅम भलतंच काहीतरी करतो किंवा कंपायलरच आडवा होतो, मग कोणीतरी सांगतं कार्गो क्लीन मार (कार्गो हे रस्टचं बिल्ड टूल, ही कमांड बिल्ड फोल्डर पुसते), तुम्ही मारता, बग जातो आणि त्याच्यासोबत पुरावाही जातो. म्हणून असे बग रिपोर्टच कमी होतात, आणि जे होतात त्यातले बरेच "परत करून बघितलं तर आला नाही" म्हणून पडून राहतात.

रस्टचंच बघा. १.२४ व्हर्जनला, फेब्रुवारी २०१८ मधे, इन्क्रिमेंटल बाय डिफॉल्ट चालू झालं. ६ मे २०२१ ला १.५२.० आली, तिच्यात कॅशमधून उचललेल्या निकालांचे फिंगरप्रिंट (म्हणजे निकालाचा छोटा हॅश) नेहमी तपासायला सुरुवात केली, आणि इतकी वर्षं गुपचूप बसलेले बग एकदम इंटर्नल कंपायलर एरर बनून लोकांच्या स्क्रीनवर यायला लागले. चारच दिवसांत १.५२.१ काढून इन्क्रिमेंटल बंद करावं लागलं, ते जुलैअखेर १.५४ ला परत आलं. पुढे फेब्रुवारी २०२२ ला १.५९ मधे दुसऱ्या एका बगमुळे परत बंद, आणि १.६० ला परत चालू. एवढी मोठी टेस्ट सूट असलेल्या प्रोजेक्टची ही गत, त्यामुळे तुम्ही स्वतःची छोटी भाषा लिहीत असाल तर हा लेख तुमच्यासाठी पण आहे, पद्धत तीच लागू पडते.

एक सूचना, कमांड, फ्लॅग, अट्रिब्यूट सगळं मी देवनागरीत लिहिलंय, टाइप करताना अर्थात इंग्रजी स्पेलिंग वापरा.

आधी दोन प्रश्न वेगळे करा

कॅशबद्दल विचारायचे प्रश्न दोनच. शिळं तर वाढलं नाही ना? आणि उगाच सगळं परत तर शिजवलं नाही ना? पहिला बरोबरपणाचा, दुसरा वेगाचा. बहुतेक लोक फक्त पहिला तपासतात, आणि गंमत अशी की पहिला प्रश्न पास करायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे कॅश कधीच न वापरणं. कंपायलरने दर वेळी सगळं नव्याने केलं तर "निकाल बरोबर आला का" वाल्या सगळ्या टेस्ट हिरव्या, आणि इन्क्रिमेंटल मात्र मेलेलं. उलट फक्त रीयूज मोजत बसलात तर चुकीचं रीयूज पण चांगलंच दिसणार. म्हणून प्रत्येक टेस्टमधे दोन्ही प्रश्नांची उत्तरं यायला हवीत, हे एवढं डोक्यात ठेवलं की बाकीचं सगळं तपशील आहे.

एका बाबतीत आपण नशीबवान आहोत, उत्तरपत्रिका फुकट मिळते. बरोबर निकाल काय हे हाताने लिहायची गरजच नाही, रिकाम्या कॅशवर बिल्ड करा, जे येईल तेच उत्तर.

थोडक्यात आत काय चालतं

रस्टसीच्या, म्हणजे रस्ट कंपायलरच्या, आत काम क्वेरींमधे वाटलेलं असतं. या फंक्शनची सिग्नेचर काय, याचं टाइपचेक कर, याचा ऑप्टिमाइझ्ड मिर (कोडचं कंपायलरमधलं मधलं रूप) दे, अशा क्वेरी. कोणत्या क्वेरीने कोणती दुसरी क्वेरी वाचली याचा ग्राफ डिस्कवर जातो, आणि प्रत्येक निकालाचा १२८ बिटचा फिंगरप्रिंट पण. पुढच्या वेळी ज्याच्या सगळ्या डिपेंडन्सी बदललेल्या नाहीत तो नोड परत न चालवताच हिरवा. डिपेंडन्सी बदलली असेल तर क्वेरी परत चालते, पण निकालाचा फिंगरप्रिंट आधीसारखाच आला तर तरीही हिरवा, वेगळा आला तर लाल. याला रेड-ग्रीन म्हणतात. शेवटी मशीन कोड कोडजेन युनिटांमधे तुकडे करून बनतो आणि ज्या युनिटमधलं काही बदललं नाही त्याची जुनी ऑब्जेक्ट फाइल तशीच उचलली जाते.

टेस्ट करणाऱ्याच्या नजरेने बघितलं तर बग तीन जागी होऊ शकतो: वाचलं पण ग्राफमधे नोंदलं नाही, फिंगरप्रिंट चुकीचा काढला, किंवा चुकीची ऑब्जेक्ट फाइल उचलली.

पायरी १: हाताने, गरम फोल्डर आणि थंड फोल्डर

कार्गो बाजूला ठेवा, थेट रस्टसी वापरा. कार्गोची स्वतःची वेगळी फ्रेशनेस तपासणी आहे, ती फाइलच्या बदललेल्या वेळेवर चालते, म्हणजे स्क्रिप्टने जुनी फाइल तिच्या जुन्या टाइमस्टँपसकट परत कॉपी केली तर कार्गो म्हणतो काही बदललंच नाही आणि कंपायलरला हाकच मारत नाही, तुम्ही मात्र समजता इन्क्रिमेंटल पास झालं. रस्टसी फाइलमधला मजकूर बघतो, त्याला या वेळेच्या भानगडीशी देणंघेणं नाही.

रस्टसीला कॅपिटल सी वाला इन्क्रिमेंटल फ्लॅग देऊन फोल्डर सांगता येतं, हा फ्लॅग स्टेबलवर पण चालतो. दोन फोल्डर ठेवा. "गरम" कधीच पुसायचं नाही, "थंड" प्रत्येक बिल्डच्या आधी पुसायचं. मग एक बदल करा, दोन्हीकडे बिल्ड करा, आणि तीन गोष्टी जुळवा: एक्झिट कोड, कंपायलरने छापलेले एरर-वॉर्निंग, आणि बनलेला प्रोग्रॅम चालवून आलेलं आउटपुट. मग पुढचा बदल.

सोर्स फाइल दोघांना एकाच पाथवरची द्या, कारण पाथ डीबग माहितीत जातो. "थंड" म्हणजे रिकामं इन्क्रिमेंटल फोल्डर, इन्क्रिमेंटल बंद करून केलेलं बिल्ड नव्हे. इन्क्रिमेंटल चालू असताना डिफॉल्ट २५६ कोडजेन युनिट असतात आणि बंद असताना १६, त्यामुळे इनलायनिंग वगैरे सगळं वेगळं होतं आणि तुम्ही भलत्याच फरकाच्या मागे लागाल. बायनरी बाइट-टू-बाइट जुळवायच्या फंदात पहिल्या दिवशी तरी पडू नका. त्यापेक्षा वर सांगितलेल्या तीन गोष्टी पक्क्या करा.

आणि नाइटली (रोज निघणारा प्रायोगिक) कंपायलर असेल तर कॅपिटल झेड वाला इन्क्रिमेंटल-इन्फो फ्लॅग जरूर लावा. कमांडलाइनचे पर्याय बदलले म्हणून पूर्ण कॅश दुर्लक्षित केली, असा मेसेज तो देतो. ऑप्टिमायझेशन लेव्हल दोन बिल्डमधे वेगळी गेली की हेच होतं, कॅश गुपचूप फेकली जाते, टेस्ट आनंदात पास होते आणि तपासलेलं काहीच नसतं. कंपायलरची व्हर्जन बदलली तरी तसंच.

पायरी २: बदल कोणते करायचे

फंक्शनच्या बॉडीतला आकडा बदलणं हा सगळ्यांना पहिला सुचतो, ठीक आहे, तो हवाच. त्याच्यासोबत नुसती कमेंट टाकणं, सिग्नेचर बदलणं, फंक्शन एका मॉड्यूलमधून दुसरीकडे हलवणं, जेनेरिक फंक्शन एका क्रेटमधे (क्रेट म्हणजे एकत्र कंपाइल होणारा रस्टचा गठ्ठा) ठेवून त्याची बॉडी बदलणं आणि वापर दुसऱ्या क्रेटमधे, मॅक्रो बदलणं, कॉन्स्टंट बदलणं जो कुठल्यातरी अ‍ॅरेची लांबी ठरवतो. हे सगळं यादी करून बसा.

पण खरी गंमत तिथे आहे जिथे कोडला काहीतरी *नसण्यावर* अवलंबून राहावं लागतं. एक केस नीट बघू.

वस्तू नावाचा स्ट्रक्ट आहे. एक ट्रेट (टाइपने पाळायचा मेथडींचा करार) आहे, त्यात किंमत नावाची मेथड, रिसीव्हर सेल्फचा रेफरन्स, ती १० परत देते. "वापर" नावाच्या मॉड्यूलमधे एक फंक्शन ही मेथड बोलावतं. आता तिसऱ्याच मॉड्यूलमधे वस्तूवर थेट, ट्रेटशिवाय, त्याच नावाची आणि तशाच रिसीव्हरची मेथड टाका जी २० देते. रस्टच्या नियमाने थेट लिहिलेल्या मेथडला ट्रेटपेक्षा आधी मान, म्हणजे "वापर" मधल्या एका अक्षरालाही हात न लावता त्याचा अर्थ बदलला, आता २० यायला पाहिजे. पहिल्या बिल्डच्या वेळी कंपायलरने "अशी थेट मेथड आहे का" विचारलं होतं आणि "नाही" असं उत्तर आलं होतं. हे "नाही" डिपेंडन्सी म्हणून नोंदलं गेलं असेल तरच दुसऱ्या बिल्डला ते फंक्शन परत तपासलं जाईल. रस्टमधे टाइपच्या थेट इम्प्लची (मेथड लिहायच्या ब्लॉकची) यादी हीच एक क्वेरी आहे आणि यादीला नवीन एन्ट्री लागली की तिचा फिंगरप्रिंट बदलतो, म्हणून हे जमतं. स्वतःचा कंपायलर लिहिणारे "सापडलं ते नोंदव" एवढंच करतात आणि इथे हमखास मार खातात.

मग तिसरी पायरी, ती मेथड परत काढून टाका, १० आलं पाहिजे. टाकणं आणि काढणं या दोन वेगळ्या टेस्ट आहेत. काढताना जुन्या ऑब्जेक्ट फाइलमधे आता अस्तित्वात नसलेल्या फंक्शनचा कॉल राहून गेला तर लिंकर ओरडेल, ते त्यातल्या त्यात बरं, निदान ओरडतो तरी.

पायरी ३: टेस्ट सूटमधे बसवणं

रस्टच्या रेपोत टेस्ट्स फोल्डरमधे इन्क्रिमेंटल नावाचं फोल्डर आहे. तिथली प्रत्येक टेस्ट ही एकच फाइल, पण ती अनेक "रिव्हिजन" मधे कंपाइल होते. फाइलच्या वर रिव्हिजन्सच्या ओळीत नावं द्यायची, समजा आरपास१, आरपास२, आरपास३. नावाच्या सुरुवातीवरून टेस्ट चालवणाऱ्या टूलला, म्हणजे कंपाइलटेस्टला, कळतं काय अपेक्षित आहे, आरपास म्हणजे कंपाइल होऊन चाललं पाहिजे. प्रत्येक रिव्हिजनचं नाव त्या वेळी सीएफजी (कंपाइलच्या वेळची अट) म्हणून चालू असतं, म्हणजे कोडमधे "हा इम्प्ल फक्त आरपास२ असताना" असं लिहिता येतं. सगळ्या रिव्हिजन एकामागून एक, एकाच कॅशवर. पहिलीच्या आधी कॅश पुसली जाते. सूट चालवताना इन्क्रिमेंटल-व्हेरिफाय-आयसीएच हा फ्लॅग पण आपोआप लागतो. एरवी रोजच्या वापरात कंपायलर हिरव्या निकालांपैकी अंदाजे ३२ मधला एकच परत पडताळतो, पण टेस्टमधे सगळेच.

वरची किंमतवाली केस इथे लिहिताना एक पथ्य पाळा. मेनमधे "आरपास२ असेल तर २० नाहीतर १०" असा असर्ट लागणार, म्हणजे मेन दर रिव्हिजनला बदलणार. म्हणून तपासायचं फंक्शन मेनपासून वेगळं, वेगळ्या मॉड्यूलमधे, आणि त्याच्यात एकही सीएफजी नको. सीएफजी त्याच्या आत शिरला की ते फंक्शन स्वतःच बदलेल, अर्थातच परत तपासलं जाईल, आणि टेस्ट काहीच सिद्ध करणार नाही. रिव्ह्यूमधे हे पटकन दिसत नाही, वाचायला टेस्ट छान वाटते.

एकाच फाइलमधे सीएफजीने बदल करण्याचा छुपा फायदा असा की मजकूर सगळ्या रिव्हिजनमधे तोच राहतो, ओळींचे नंबर हलत नाहीत. खऱ्या एडिटरमधे मात्र वर एक ओळ टाकली की खालचं सगळं सरकतं, आणि ओळ नंबर डीबग माहितीत जातात म्हणून बरंच काही लाल होऊ शकतं. म्हणजे सूट जितकं चांगलं रीयूज दाखवते तितकं माणसाला मिळेलच असं नाही, हे दोन वेगळे आकडे समजा.

पायरी ४: रीयूज झालं का, हे कंपायलरलाच विचारा

वेळ मोजून रीयूज ठरवू नका, सीआय मशीनवर वेळ कधीही कशीही येते. रस्टसीमधे यासाठी खास अट्रिब्यूट आहेत, रस्टसी_अट्र्स फीचर चालू करायचं आणि क्वेरी-डेप-ग्राफ हा झेडवाला फ्लॅग द्यायचा.

मुख्य म्हणजे रस्टसी_क्लीन. फंक्शनवर लावायचा, कोणत्या रिव्हिजनला तपासायचं ते सांगायचं, आणि एक्सेप्ट मधे ज्या क्वेरी लाल होणं अपेक्षित आहे त्यांची नावं. उदाहरणार्थ लूपच्या बॉडीत १ चा २ केला तर फंक्शनचा हिर (मिरच्या आधीचं, सोर्सच्या जवळचं रूप) बदलतो, ऑप्टिमाइझ्ड मिर बदलतो, पण टाइपचेकचा निकाल तोच, कारण पूर्णांक तो पूर्णांकच. तर एक्सेप्टमधे पहिले दोन, टाइपचेक नाही. आणि आपल्या किंमतवाल्या केसमधे बरोबर उलटं होतं, "वापर" मधल्या फंक्शनचा हिर हिरवा राहिला पाहिजे आणि टाइपचेक आणि मिर लाल, कारण मेथड कोणती हे टाइपचेक ठरवतं.

मला हा अट्रिब्यूट आवडतो तो यासाठी की तो दोन्ही बाजूंनी चावतो. एक्सेप्टमधे नसलेली क्वेरी लाल झाली तर "क्लीन असायला हवी होती" म्हणून फेल, आणि एक्सेप्टमधे असलेली हिरवी राहिली तर "डर्टी असायला हवी होती" म्हणूनही फेल. क्वेरीचं नाव चुकीचं टाइप केलं तर एरर. अट्रिब्यूट लावला आणि कोणत्याच रिव्हिजनला तपासला गेला नाही तरी एरर.

एक वाईट सवय मात्र सर्रास दिसते. टेस्ट फेल झाली, मेसेजमधे जे नाव आलं ते उचलून एक्सेप्टमधे चिकटवलं, परत चालवली, हिरवी, मर्ज. असं केलं की टेस्ट कंपायलरचं आजचं वागणं बरोबर मानून बसते. आधी कागदावर लिहा काय लाल व्हायला पाहिजे आणि का, मग चालवा, आणि फरक आला तर कोण चूक आहे ते शोधा.

शेवटच्या रिव्हिजनला काहीच बदलू नका. म्हणजे तिच्या आधीचीच परत एकदा, आणि तिथे एक्सेप्ट रिकामं, सगळं हिरवं. वाचायला फालतू वाटतं, पण काही न बदलता लाल आलं तर फिंगरप्रिंट स्थिर नाही हे लगेच कळतं. याचं ठरलेलं कारण म्हणजे हॅशमॅपवरून फिरून त्या क्रमाने निकाल बनवणं, किंवा मेमरीतला पत्ता किंवा त्या रनपुरता नंबर हॅशमधे घुसणं. रस्टसीच्या आत यावर पोटेन्शियल-क्वेरी-इन्स्टॅबिलिटी नावाचा लिंट आहे, तो हॅशमॅपवरून फिरताना हटकतो. तुमच्या कंपायलरमधे असा लिंट नसेल तर निदान सॉर्ट केल्याशिवाय फिरायचं नाही असा नियम करा.

ऑब्जेक्ट फाइलच्या पातळीवर वेगळे अट्रिब्यूट: रस्टसी_पार्टिशन_रीयूज्ड आणि रस्टसी_पार्टिशन_कोडजेन्ड, मॉड्यूलचं नाव देताना क्रेटचं नाव, हायफन, मग मॉड्यूल. एकाची बॉडी बदला, शेजारच्या मॉड्यूलवर रीयूज्ड लावा आणि बदललेल्यावर कोडजेन्ड.

चालवायला रस्टच्या रेपोतली एक्स टेस्ट कमांड आणि फाइलचा पाथ. काही बदललं नसेल तर कंपाइलटेस्ट जुना निकाल धरून टेस्ट वगळतं, तेव्हा फोर्स-रीरन द्या.

पायरी ५: वॉर्निंग आणि एरर

हा भाग लोक विसरतातच. फंक्शनमधे न वापरलेलं व्हेरिएबल आहे, पहिल्या बिल्डला वॉर्निंग आली. दुसऱ्या बिल्डला ते फंक्शन हिरवं, क्वेरी चाललीच नाही, मग वॉर्निंग कोण देणार? म्हणून निकालासोबत वॉर्निंग पण साठवावी लागते आणि क्वेरी हिरवी ठरली की परत छापावी लागते. टेस्ट सोपी आहे, दोन रिव्हिजन, काही बदल नाही, दोन्हीकडे तीच वॉर्निंग, एकदाच. इथेही कार्गो नको, कारण कार्गो कंपायलरचं आउटपुट स्वतः साठवून परत दाखवतो आणि रस्टसीची चूक झाकली जाते.

एररचं वेगळं. कंपाइल एरर आली तर रस्टसी त्या सेशनची कॅश टाकून देतो, जुनी यशस्वी कॅशच पुढे धरली जाते. म्हणून "चांगलं, तुटलेलं, चांगलं" हा क्रम टेस्ट करा, आणि तिसरं पहिल्यापेक्षा थोडं वेगळं ठेवा. माणूस एडिटरमधे दिवसभर हेच करतो, तरी बऱ्याच प्रोजेक्टांत या क्रमाची एकही टेस्ट नसते.

पायरी ६: टेस्ट खरंच काही पकडते का

टेस्ट लिहून झाली की कंपायलर मुद्दाम बिघडवा. एखाद्या निकालाच्या हॅशमधून एक फील्ड वगळा, किंवा एखादी डिपेंडन्सी नोंदवणं बंद करा, आणि टेस्ट चालवा. फेल झाली नाही तर ती टेस्ट शोभेची आहे. जुन्या बगसाठी रिग्रेशन टेस्ट लिहीत असाल तर दुरुस्तीचा कमिट काढून चालवून बघा, तेच काम होतं.

पायरी ७: हाताने न सुचणारे बदल

माणसाला सुचणारे बदल संपतात. मग खरा प्रोजेक्ट घ्या, त्याची गिट हिस्टरी जुन्यापासून नव्याकडे एकेक कमिट चेकआउट करत जा आणि प्रत्येक कमिटला गरम-थंड जुळवा. रस्टमधे सुरुवातीच्या काळात कार्गो-इन्क्रिमेंटल नावाचं टूल याच कामासाठी होतं. मधेच उलटं पण जा, नव्याकडून जुन्याकडे, ब्रँच बदलताना लोकांचं तेच होतं. इथे कार्गो वापरावाच लागेल, चालेल, फक्त टाइमस्टँपचा सापळा लक्षात ठेवा.

फरक सापडला की पहिलं काम, गरम फोल्डर झिप करून बाजूला ठेवा, *बदलाच्या आधीचं*. म्हणून स्क्रिप्टमधे प्रत्येक बिल्डच्या आधी फोल्डरची कॉपी घ्यायची सोय सुरुवातीपासूनच करा, बिल्ड झाल्यावर ती अवस्था परत मिळत नाही. मग सोर्स दोन्ही बाजूंनी, आधीचा आणि नंतरचा, सोबतच कमी करत जा. एकच कमी केला तर फरक नाहीसा होतो आणि दिवस जातो.

वेगाचा हिशोब या सगळ्यापासून लांब ठेवा. रस्टमधे तो रस्टसी-पर्फ करतं आणि तिथे चार परिस्थिती वेगळ्या मोजतात: इन्क्रिमेंटलशिवाय पूर्ण बिल्ड, रिकाम्या कॅशवर इन्क्रिमेंटल, काही न बदलता इन्क्रिमेंटल, आणि छोटा पॅच लावून इन्क्रिमेंटल. दुसरीकडे लोक दुर्लक्ष करतात, पण ग्राफ बनवण्याचा आणि डिस्कवर लिहिण्याचा खर्च तिथेच दिसतो, आणि तो पहिलीपेक्षा फार वाढला तर पुढच्या बिल्डमधे होणारी बचत त्यातच जाते.